खिशातलं कढीपत्त्याचं पान

त्या शनिवारी जंगलात जे घडलं ते आठवलं की मला अजूनही स्वतःचा राग येतो. नोकरीत मी यापेक्षा मोठे गुन्हे हाताळले आणि त्यातले बरेचसे विसरूनही गेलो. हे प्रकरण तसं लहान होतं, स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील नसतील. पण निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो, आणि वेळ असला की नेमकं नको तेच आठवत बसतं.

आधी माझ्या नोकरीविषयी सांगतो, कारण ती माझ्या नातेवाइकांना आजतागायत नीट कळलेली नाही. मी मूळचा साताऱ्याचा. वनशास्त्र शिकायला पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी आलो, इथेच राहिलो, नागरिक झालो आणि राज्याच्या वन्यजीव खात्यात अधिकारी म्हणून लागलो. इथे या अधिकाऱ्याला वॉर्डन म्हणतात. काम शिकारीचे परवाने तपासण्याचं, चोरटी शिकार पकडण्याचं आणि शिकारीतल्या अपघातांच्या तपासाचं. अधिकार मात्र पोलिसाचे. कमरेला पिस्तूल, गाडीत हातकड्या, कोर्टात साक्ष, सगळं आलं. माझी मावशी मात्र शेवटपर्यंत 'तो तिकडे झाडं मोजतो' असंच सांगत राहिली.

नव्या शिकाऱ्याला परवाना हवा असेल तर आधी सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो. आमच्या भागात तो वर्ग मी घ्यायचो. त्या वर्षी वर्गात एक नागपूरचा मुलगा आला, विद्यापीठात पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला. नावं कुणाचीच सांगायची नाहीत असं ठरवलंय, म्हणून त्याला नागपूरकर म्हणतो. पहिल्याच दिवशी तो पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन हजर. आत होकायंत्र, दोन चाकू, पाणी गाळायची नळी, हरणाला भुलवायची शिट्टी, तीन प्रकारचे बॅटरीचे दिवे. यूट्यूबवर जे जे दाखवतात ते सगळं.

मी म्हटलं, "अरे, हरीण मारायचंय की दुकान टाकायचंय?"

तो हसला आणि दुसऱ्या दिवशी खरंच अर्धं सामान परत करून आला. तेव्हाच तो मला आवडला. सांगितलेलं ऐकणारी माणसं वर्गात कमी असतात. मी सांगितलं, पायमोजे दोन जोड जास्त घे, ओले पाय घेऊन कुणी तासभर स्थिर बसू शकत नाही. बसल्या जागी कुरकुरीत काही खाऊ नकोस, हरणाचे कान आपल्या आजीपेक्षा तिखट असतात. आणि हरणामागे माती दिसत असेल तरच चाप ओढ. मागे मोकळं आकाश असेल तर हरीण कितीही देखणं असो, जाऊ दे त्याला. हे शेवटचं त्याने वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सप्टेंबरात मी त्याला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. नवी बंदूक, नवी दुर्बीण. दुर्बीण बंदुकीवर बसवल्यावर तिची फुली आणि गोळी एकाच जागी पडतात का ते पाहून स्क्रू फिरवून जुळवून घ्यावं लागतं. दुपारभर खपून आम्ही ते जुळवलं. शेवटच्या तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडल्या. स्वतःच्या मुलाला मार्क मिळावेत तसा मी खूश झालो.

दसऱ्याला त्याने आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावलं. तीन मुलांचं अपार्टमेंट, पाट नाही म्हणून खोक्यावर नवा टॉवेल अंथरलेला. त्यावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, दुर्बीण, चाकू, बंदूक आणि एकाचा प्रेशर कुकर, असं सगळं ओळीने मांडलं होतं. नागपूरहून त्याची आई व्हिडिओ कॉलवर पूजा सांगत होती. "काका, तुमच्याच हातून होऊ द्या," मुलं म्हणाली. मी आधी बंदूक उचलली, तिचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायची खीळ, उघडा आहे ना ते पाहिलं, बोट घालून आत गोळी नाही याची खात्री केली आणि मग तेलात कालवलेलं कुंकू एकेका वस्तूला लावलं. बघा, पूजेतसुद्धा मी नियम पाळतो, असं बायकोला परतताना गाडीत सांगितल्याचंही आठवतं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार हा आमच्याकडे बंदुकीने हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्या भागात कामाला दांडी मारली तर साहेब कारण विचारत नाही, कारण साहेबही जंगलातच असतो. सकाळी नऊला मला वायरलेसवर संदेश आला की जंगलातल्या पायवाटेवर एका बाईला गोळी लागली आहे. मी पोचलो तेव्हा तिला रुग्णवाहिकेत चढवत होते. ती आमच्या गावात टपाल वाटायची. तिने स्वतः भडक नारिंगी जाकीट घातलं होतं, कुत्र्यालाही नारिंगी पट्टा बांधला होता. तिच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. गोळी उजव्या दंडातून आरपार जाऊन मागच्या झाडात रुतली होती. दंडाला कुणीतरी कमरेचा पट्टा करकचून बांधला होता आणि डॉक्टर नंतर म्हणाले की त्यामुळेच ती वाचली.

पट्टा बांधणारा माणूस रुग्णवाहिकेशेजारी पँट हाताने धरून उभा होता. वय चौऱ्याहत्तर, जन्मापासून त्याच डोंगरात शिकार केलेला. मी त्याला वीस वर्षं ओळखत होतो आणि वीस वर्षांत त्याच्या परवान्यावर एक शेरा मारायची वेळ माझ्यावर आली नव्हती. दुपारी तो आपणहून आमच्या कचेरीत आला. रिकामी बंदूक टेबलावर ठेवली, शेजारी परवाना ठेवला.

"लिहून घे," तो म्हणाला. "मीच."

त्याच्या जबाबानुसार, त्याने ओढ्याकाठी एका नर हरणावर गोळी झाडली, ती चुकली, आणि लगेच खालून किंकाळी आली. गोळी दगडावर आपटून उडाली असणार. तो धावत गेला, तर समोर टपालवाली बाई.

"दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकलात?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या डोंगरात आवाजच असतात. तू मला वाचवायला बघू नकोस."

माझी सहकारी तरुण होती, नोकरीत दुसरंच वर्ष. तिने टंकलेला जबाब त्याच्यापुढे सरकवला आणि त्याने चष्मा न लावताच सही केली. ते माझ्या नजरेला आलं, पण मी बोललो नाही.

चौकशीच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कबुलीजबाब मिळाला की अधिकाऱ्याच्या अंगातली शक्ती निघून जाते. भूक लागते, घर आठवतं. पण वरिष्ठांना जागेचा पंचनामा लागतोच, म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघं दोरी घेऊन गेलो. पद्धत साधी आहे. झाडातल्या गोळीच्या भोकापासून, जखम झाली त्या उंचीवरून, दोरी मागे ताणत न्यायची. सहकारी खाली पायवाटेवर टोक धरून उभी राहिली आणि मी दोरी घेऊन चढ चढू लागलो.

दोरी ओढ्याकडे गेलीच नाही. ती सरळ वर एका मातीच्या उंचवट्याच्या माथ्याला घासून पलीकडे गेली आणि तिथल्या एका हेमलॉकच्या झाडाशी पोचली. झाडाच्या बुंध्याशी पानं दाबली गेलेली, कुणीतरी तासन्‌तास बसलेलं. मी खाली वाकलो. दोन शेंगदाणे, थोडे पोहे आणि एक तळलेलं पान.

पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात मी तीस वर्षं काढली. ओक, मेपल, बीच, हेमलॉक, डोळे मिटून वासाने सांगेन. कढीपत्ता तिथे उगवत नाही. दिवाळी होऊन फार दिवस झाले नव्हते आणि नागपूरहून फराळाचं पार्सल आल्याचं त्याने मला फोनवर सांगितलं होतं.

"काही सापडलं का?" खालून सहकारीने ओरडून विचारलं.

"बसायची जागा आहे," मी म्हणालो. "जुनी असेल."

पान मी एका लहान पाकिटात घातलं. त्यावर तारीख, वेळ, जागा लिहिली, सकाळी साडेनऊ. आणि मग ते मुद्देमालाच्या यादीत न लिहिता शर्टाच्या खिशात ठेवलं.

का ठेवलं, हे मला कोर्टातही विचारलं गेलं. तेव्हा दिलेलं उत्तर इथेही देतो. तो मुलगा माझा होता. माझ्या वर्गातला, माझ्या भाषेतला, मला काका म्हणणारा. वर्षभरात तो डॉक्टरेट घेणार होता. त्याच्या व्हिसाचं काय होईल, आईला कोण सांगेल, हे सगळं मला त्या झाडाखाली आधी सुचलं. आणि म्हातारा तर स्वतःच 'मी' म्हणत होता. गोळी झाडात चेपून इतकी बेढब झाली होती की प्रयोगशाळेकडून पक्कं उत्तर येण्याची आशा नव्हती. दोघांच्या बंदुका वेगळ्या, पण गोळीची जाडी सारखीच. मी फक्त गप्प बसायचं होतं. एखाद्या अधिकाऱ्याला खोटं बोलावं लागतं तेव्हा तो सावध असतो. नुसतं गप्प बसायचं असलं की आपण काही करतोय असं त्याला वाटतच नाही.

रविवार तसाच गेला. शर्ट धुवायला टाकताना बायकोने खिसे तपासले आणि पाकीट हातात धरून उभी राहिली. "हे काय?"

"पुरावा."

"पुरावा धुण्यात कसा?"

 तिने पाकीट टेबलावर ठेवलं, मी ते परत खिशात घातलं आणि त्यानंतर ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

सोमवारी दुपारी खबर आली. हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर काम करणाऱ्या बाईचा फोन होता. शनिवारी विद्यापीठाच्या पार्किंगचं स्टिकर लावलेली एक गाडी जंगलाच्या बाजूने आली, नारिंगी जाकिटातला एक मुलगा उतरला, तोंडावर पाणी मारलं आणि निघून गेला. वेळ सकाळची साडेनऊ. "हरीण नाही, काही नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी साडेनऊला रिकाम्या हाताने घरी कोण जातं?" बाईंनी खरं तर पोलिसात असायला हवं होतं. मी फोन यायच्या आधीच पाकीट खिशातून काढून कचेरीतल्या टेबलावर ठेवलं होतं की फोननंतर काढलं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आधी काढलं होतं असं वाटतं. पण तसं वाटणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

यादीत पानाची नोंद केली, वेळ दुपारी चार. सहकारीने पाकिटावरची रविवारची वेळ वाचली, मग यादीतली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.  माझ्याकडून ती काय शिकत होती, हे मला तेव्हा कळलं.

तासाभरात नागपूरकर स्वतःच बंदूक घेऊन कचेरीत आला. वकील हवा असेल तर घे, बोलायची सक्ती नाही, हे मी त्याला नियमाप्रमाणे इंग्रजीत वाचून दाखवलं. ते ऐकताना त्याचा चेहरा पडला. मला वाटतं, मी मराठीत बोलेन अशी त्याची अपेक्षा होती. त्याने वकील नको म्हटलं आणि मराठीतच सुरू केलं. मी सहकारीसाठी वाक्यावाक्याला भाषांतर करत गेलो.

"काका, मी तुम्हाला दोन दिवसांपासून फोन करून राहिलो होतो. नंबर काढायचो आणि कट करायचो."

"काय झालं ते सांग."

"डीअर उंचवट्याच्या अगदी समोर उभं होतं. मागे पूर्ण माती होती. तुम्ही सांगितलं होतं तसंच. मी कन्फर्म केलं, तीन वेळा कन्फर्म केलं. शूट केलं आणि ते पळून गेलं. मला वाटलं मिस झाला. मग खालून आवाज आला. मी वर जाऊन पाहिलं तर त्या बाई खाली बसलेल्या, आणि एक आजोबा बेल्ट काढून त्यांना बांधत होते."

"मग?"

"हेल्प मिळतेय असं दिसलं. मी... मी निघून आलो, काका." तो टेबलाकडे पाहत होता. "पण गोळी मातीतच जायला हवी होती ना? ती वरून कशी गेली? दोन दिवस मी हेच कॅल्क्युलेट करतोय. माझा नेम तुम्हीच सेट करून दिला होता."

"ते आजोबा म्हणतायत की त्यांनी केलं," मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं. वर्तमानपत्र तो वाचत नव्हता. तो हुंदका देऊन रडायला लागला आणि म्हणाला, "नाही नाही, त्यांना सोडा, प्लीज, लगेच सोडा." त्याच्याबद्दल मला जे बरं वाटायचं ते एवढ्यापुरतं तरी खोटं नव्हतं.

त्याची बंदूक सहकारीने टेबलावर ठेवली. गोळी उंच का गेली हे पाहायचं तर दुर्बीण तपासावी लागणार होती. मी ती हाताने हलवली आणि ती बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांमध्ये किंचित सरकली. सप्टेंबरात मी स्वतः घट्ट बसवलेली दुर्बीण सरकायला नको होती. सहकारीने स्क्रू काढून वरची कडी उचलली. कडीच्या आत, दुर्बिणीच्या नळीवर, तांबडा तेलकट डाग होता.

"रक्त?" ती म्हणाली.

"नाही. कुंकू."

"ते काय असतं?"

"पूजेत लावतात. पूजेचं म्हणून पुसत नाहीत."

"हे कडीच्या आत कसं गेलं?"

"लावलं तेव्हा दुर्बीण बंदुकीवर नव्हती. नंतर वरून कड्या आवळल्या."

"तुम्हाला कसं माहीत?"

"कारण लावणारं बोट माझं आहे," मी म्हणालो.

नागपूरकर हळू आवाजात म्हणाला, "आई म्हणाली होती, प्रत्येक वस्तू वेगळी मांड, दुर्बिणीलाही पूजेचा मान हवा. म्हणून काढली. नंतर लावून टाकली. स्क्रू नीट टाइट केले होते, काका."

केलेच असतील. पण तेलकट कुंकवाच्या थरावर कड्या धरत नाहीत, आणि काढून बसवलेली दुर्बीण पुन्हा मैदानावर नेऊन जुळवल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात मी ते सांगतो, पण घाईत, शेवटच्या पाच मिनिटांत. त्या दिवशी खोक्यावर दुर्बीण एकीकडे आणि बंदूक एकीकडे माझ्यासमोर पडली होती. मी बोट घालून गोळी नाही ना ते पाहिलं, स्वतःची पाठ थोपटली आणि श्रीखंड खायला बसलो. 'परत बसवशील तेव्हा नेम तपासून घे', एवढंच एक वाक्य तोंडातून गेलं असतं तर टपालवाल्या बाईचा हात शाबूत राहिला असता.

त्याच संध्याकाळी मी वरिष्ठांना लिहून दिलं की या प्रकरणात मी तपास अधिकारी राहू शकत नाही, मी साक्षीदार आहे. पानाचंही लिहिलं. तपास शेजारच्या भागातल्या अधिकाऱ्याकडे गेला. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. मुलावर खटला चालला, शिक्षा झाली, परवाना गेला. गोळी चुकीच्या जागी गेली त्यापेक्षा तो तिथून निघून गेला याचाच न्यायाधीशांना जास्त राग होता. सुनावणीनंतर तो त्या बाईंच्या घरी जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाई कामावर परतल्या, पण आता त्या डाव्या हाताने टपाल टाकतात.

म्हाताऱ्याला सांगायला मात्र त्या सोमवारीच संध्याकाळी मी गेलो. तपास दुसऱ्याकडे असला तरी हे काम माझंच होतं. तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. मी त्याची बंदूक आणि परवाना समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, कुंकवापासून पानापर्यंत. मला वाटलं होतं तो सुटकेचा श्वास टाकेल.

"तुला शंका कधी आली?" त्याने विचारलं.

"रविवारी सकाळी."

"आज सोमवार संध्याकाळ."

"हो."

त्याने मान हलवली. शनिवारी रात्री त्याने मुलीला फोन करून सांगितलं होतं की तुझ्या बापाने एका बाईला गोळी घातली. रविवारी दिवसभर तो त्याच खुर्चीत होता. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. मग त्याने परवाना उचलून माझ्या हातात परत दिला.

"पण ती गोळी तुमची नव्हती," मी म्हणालो.

"मग माझी कुठे गेली? तुला माहीत आहे? मलाही नाही. मागे काय आहे ते न बघता मी चाप ओढला, कारण मला आता नीट दिसत नाही. हे कळायला मला हा दीड दिवस लागला." तो पुन्हा जंगलात शिकारीला गेला नाही.

निवृत्त झालो तरी वर्ग मी अजून घेतो, फुकट. दुर्बिणीचा धडा आता पहिल्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत होतो. आमच्याकडची मुलं दसऱ्याची पूजा मैदानावरच करतात. कुंकू लाकडी दस्त्याला लागतं, दुर्बीण जागची हलत नाही, आणि आरती झाल्यावर प्रत्येकाने तीन गोळ्या झाडून दाखवल्याशिवाय मी श्रीखंडाचा डबा उघडू देत नाही. ती मला हसतात. हसू देत.

या प्रकरणाने काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी त्या अहवालाची एक प्रत दाखवतो. त्यात दोन नोंदी एकाखाली एक आहेत. पान सापडल्याची वेळ, रविवार, सकाळी साडेनऊ. यादीत नोंद, सोमवार, दुपारी चार. वाचणाऱ्याला त्या दोन ओळींत काही दिसत नाही. मला त्यांच्या मधल्या जागेत स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेला एक म्हातारा दिसतो.